बाबांची डावी बाजू

बुधवार, १८ तारीख
दुपारची सुट्टी, प्रॅक्टिकलची खोली

प्रिय बाबा,

“मॅडम, नॉर्मल म्हणजे कुणासारखं?” असं पहिल्या वर्षाच्या एका मुलीने मला विचारलं आणि तेव्हापासून तो प्रश्न माझ्याबरोबर फिरतो आहे. खरं तर आधी नमस्कार लिहायला हवा होता. तो आता घ्या. वाकून केला असता, पण खाटा आणि पुतळे यांच्या मधल्या बोळात स्टूल टाकून बसले आहे, वाकले तर पुतळ्याच्या मांडीवर डोकं आपटेल.

तुम्ही नीट पोचल्याचं आईने कळवलं. मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, झोपही होते, हे तुम्ही विचारायच्या आत सांगून टाकते. काल फोनवर तुम्ही गाडीच्या किल्लीचं विचारलंत, ती तुझ्याकडे राहिली का म्हणून. मी “बघते” म्हटलं. त्याबद्दल शेवटी लिहिते.

फोनवरच का बोलत नाही असं म्हणाल. कारण फोनवर तुम्ही मला हसवता आणि मग विषय कुठल्या कुठे जातो. कागद हसत नाही.

आमच्या नर्सिंगच्या मुलींचं सांगते. त्यांना अजून सुई नाही, औषध नाही. आधी माणूस तपासायला शिकायचं. बघायचं, विचारायचं, मग परवानगी घेऊन हात लावायचा, मग ऐकायचं. पहिल्या दिवशी मी त्यांना तुमचीच गोष्ट सांगितली. म्हटलं, माझे बाबा शाळेची गाडी चालवतात. रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी मारतात. चाकाखाली कुत्रं झोपलंय का, दार नीट लागतंय का, कुणाचं दप्तर पायरीवर राहिलंय का. मी लहानपणी विचारायचे की रोज तीच गाडी, रोज काय बघता? तर ते म्हणायचे, कालची काल बघितली. मुलींना म्हटलं, पेशंटभोवती अशी फेरी मारायची. मला वाटलं हसतील. पण एकीने ते लिहून घेतलं.

लिहून घेणं ठीक आहे, पण करणं वेगळं. गेल्या आठवड्यात मी पुतळ्यावर तपासणी करायला सांगितली. आमच्याकडे एक दांडगी मुलगी आहे, सगळ्यात पुढे उभी राहते, बाकीच्यांना हुकूम सोडते. सगळ्या तिला फौजदार म्हणतात. तिने सगळ्यांच्या आधी कागद आणून दिला. सगळं नॉर्मल. “दोन्ही पावलं उबदार, रंग चांगला.” बाबा, पुतळ्याचा डावा पाय दुरुस्तीला गेला होता. गुडघ्याखाली नुसती चादर. तिने पुस्तकात बघून आधीच कागद भरून ठेवला होता. मी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला, पोरी पोट धरून हसल्या, फौजदारही हसली. मग मी भाषण दिलं. तुम्हाला माहीत आहे मी भाषण कसं देते. जे असायला हवं ते लिहू नका, जे आहे ते लिहा. आजाराचं नाव देणं आपलं काम नाही, पण जे दिसलं ते लपवणंही आपलं काम नाही. वगैरे. बोलताना माझं मलाच बरं वाटलं.

आणि मग शुक्रवारी तुम्ही आलात.

खरं तर त्या दिवशी एक निवृत्त पोस्टमन येणार होते, ते दर महिन्याला मुलींसमोर पेशंट म्हणून बसतात. ते आले नाहीत. तुम्ही मागच्या बाकावर हातात पिशवी धरून बसला होतात, लेकीचा वर्ग बघायला. मी विचारायच्या आत उठून स्टुलावर येऊन बसलात आणि म्हणालात, या, तपासा, बिल मास्तरीणबाईच्या नावावर फाडा. पोरी एकदम सैल झाल्या. एरवी त्यांचे हात बर्फासारखे असतात. तुमच्या गप्पांत ते आपोआप गरम झाले. नाडी, श्वास, रक्तदाब, सगळं छान झालं. अक्षरांच्या तक्त्यातली सगळ्यात खालची ओळ तुम्ही धडाधड वाचलीत आणि फौजदाराकडे असं पाहिलंत, जसा काही तक्ता तुम्हीच छापलाय.

मी मागे उभी होते. मला वाटत होतं, घरातली पहिली पदवी माझी, पण ती या खोलीत पोचली ती या माणसाच्या गाडीत बसून. हे तेव्हा म्हणायचं होतं. आता म्हणते.

मग चिमणीची पाळी आली. चिमणी म्हणजे सगळ्यात मागे उभी राहणारी, आवाज असा की वही मिटल्यासारखा. तिला बाजूची नजर तपासायची होती. तुम्हाला आठवत असेल, तिने तुम्हाला एक डोळा झाकायला सांगितला, तिच्या नाकाकडे बघायला सांगितलं, आणि हात लांब धरून बोटं हलवत बाजूने हळूहळू आत आणली. बोटं दिसली की “दिसलं” म्हणायचं. उजवीकडून तुम्ही लगेच म्हणालात. डावीकडून ती बोटं आणत राहिली. आणत राहिली. तिची बोटं जवळजवळ तिच्या स्वतःच्या कानापाशी आली तेव्हा तुम्ही म्हणालात, “हां, दिसलं.” आणि वर म्हणालात की पोरी, तुझा हात फार हळू चालतो, एवढ्या वेळात मी शाळेत जाऊन परत आलो असतो.

सगळ्या हसल्या. चिमणी हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी तिला म्हटलं, तुझा हात वर गेलाय, परत कर. तिने परत केलं. मी म्हटलं, तू फार मागे बसली आहेस, स्टूल पुढे घे. तिने स्टूल पुढे घेतलं, दुसरा डोळा झाकायला सांगून पुन्हा केलं. तेच झालं. मी म्हटलं, बरं, राहू दे, पुढची कोण?

बाबा, तिचा हात बरोबर होता. जागाही बरोबर होती. माझ्याच वर्गात, माझ्याच आवाजात मी पुतळ्याला नसलेला पाय लावत होते.

वर्ग सुटल्यावर तुम्ही फौजदाराला गाडीचे किस्से सांगत बाहेर गेलात, तेव्हा चिमणी दाराशी थांबली. कागदातली तेवढीच जागा तिने कोरी ठेवली होती. म्हणाली, मॅडम, इथे काय लिहू? मी म्हटलं, त्यांच्या वयाला थोडंफार होतं, तसं नॉर्मलच असतं. तेव्हा तिने तो प्रश्न विचारला. उलट बोलायचं म्हणून नाही, खरंच कळावं म्हणून. “मॅडम, नॉर्मल म्हणजे कुणासारखं?”

मी तिला म्हटलं, जे दिसलं ते लिही. ती बाकावर बसली आणि तिने गोल अक्षरात लिहिलं, “डावीकडून येणारी बोटं समोर येईपर्यंत दिसत नाहीत. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासले. पुन्हा केलं, तसंच.” मी खाली सही केली. तिला शाबासकी द्यायला हवी होती. मी पेनाला टोपण लावलं.

त्या संध्याकाळी आपण जेवलो, तुम्ही माझ्या खोलीची कडी दुरुस्त केलीत, दाराच्या चौकटीच्या डाव्या बाजूला खांदा घासून बाहेर गेलात आणि चौकटीला शिव्या घातल्यात. मी लहानपणापासून तुम्हाला चौकटींना शिव्या घालताना ऐकत आले आहे असं मला वाटलं. पण खरंच लहानपणापासून? मी आठवत राहिले. लहानपणी तुम्ही मला खांद्यावर घेऊन घरातल्या चौकटींतून जायचात आणि माझं डोकं कधी कुठे लागलं नाही.

मग एकेक आठवत गेलं. गाडीच्या डाव्या अंगावरचे ओरखडे, ज्यांचा दोष तुम्ही गल्लीला देता. डावा आरसा, जो “कुणीतरी” तोडला. आई पाण्याचा पेला आता तुमच्या उजव्या हाताशी ठेवते, हे मी दिवाणखान्यात बसून कितीदा पाहिलं आहे. पूर्वी ती डावीकडे ठेवायची. तिने कधी काही म्हटलं नाही, नुसता पेला हलवला.

शनिवारी बसस्टँडवर मी एक गोष्ट केली, ती सांगते. आपण बाकावर बसलो होतो, मी तुमच्या डावीकडे. तुम्ही समोर बघत नव्या रस्त्याचं काहीतरी सांगत होतात. मी तुमचं तिकीट तुमच्या बाजूला धरलं. तुम्ही बोलत राहिलात. मी ते जरा पुढे आणलं. मग अजून जरा. तिकीट तुमच्या नाकासमोर आलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “दे की मग. कधीची धरून बसलीस?”

मी विचारलं, बाबा, तुम्हाला बाजूचं दिसतं ना नीट?

तुम्ही तिकीट खिशात ठेवलंत, खिशावर हात फिरवलात. मग म्हणालात, “समोरचं दिसतंय ना? बाजूचं बघायला आरसे आहेत.”

बाबा, म्हणजे तुम्हाला माहीत आहे.

चिमणीच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मला येत नाही, पण माझ्यापुरतं काय चुकलं ते कळलं. माझ्यासाठी नॉर्मल म्हणजे तुमच्यासारखं. तुम्ही जसे चालता, बसता, आपटता, हसता, ते सगळं बरोबरच, बाकीच्या जगाने त्याच्याशी जुळवून घ्यावं. म्हणून तर मी चिमणीचा हात चुकीचा ठरवला.

मी डॉक्टर नाही. तुम्ही कितीही चेष्टेने डॉक्टरीणबाई म्हणालात तरी नाही. नाव देणार नाही. पण काही आजारांत समोरची नजर शेवटपर्यंत लख्ख राहते आणि कडा हळूच गळत जातात. दुखत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही. तक्त्यावरची खालची ओळ वाचता येते, म्हणून परवाना मिळत राहतो. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं मात्र सांभाळता येतं, वेळेवर गेलं तर. काचबिंदू असेल, दुसरं काही असेल, ते डोळ्यांचे डॉक्टर सांगतील.

तुमच्या गाडीतून मुलं ज्या बाजूला उतरतात, बाबा, ती डावी बाजू. मागे राहिलेलं दप्तर घ्यायला वळून परत धावणारी मुलं. मी त्यांच्यातलीच होते. मी कितीदा अशी परत धावले आणि तुम्ही प्रत्येक वेळी मला पाहिलंत. म्हणून मी आहे.

तुम्हीच शिकवलंत की शंका आली तर हॉर्न वाजवत बसायचं नाही. थांबायचं, उतरायचं, बघायचं.

आता किल्लीचं. ती तुमच्याकडून राहिली नाही. तुम्ही तोंडावर पाणी मारायला बसस्टँडवरच्या नळाकडे गेलात तेव्हा मी ती तुमच्या पिशवीतून काढली. मुलींना रोज सांगते, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तुमच्या पिशवीला मी न विचारता लावला, कारण विचारलं असतं तर तुम्ही मला हसवलं असतं आणि मी किल्ली तुमच्या हातात दिली असती. मला माझं माहीत आहे.

आणि दुसरी किल्ली शाळेच्या कपाटात असते, हेही मला माहीत आहे. आज सकाळी मी मुख्याध्यापिका बाईंना फोन केला. कारण न सांगता नुसती तुमची रजा मागावी असं आधी ठरवलं होतं. पण मग तो कोरी जागा ठेवलेला कागद आठवला. जे दिसलं ते सगळं सांगितलं. त्या मग म्हणाल्या की त्यांनी स्वतःच्या मुलीला शाळेत पाठवलं ते फक्त तुमची गाडी होती म्हणून. सोमवारी शाळेची सुट्टी संपते, तेव्हापासून गाडीवर दुसरा ड्रायव्हर असेल. शेवटी त्यांनी विचारलं, “त्यांना तुम्ही सांगाल की मी सांगू?”

मी म्हटलं, मी.

तर हे पत्र ते आहे.

रागवा. तुम्हाला हक्क आहे. दोन दिवस बोलू नका, चौकटींच्या जोडीला मलाही शिव्या घाला. आईने पत्र मागितलं तर तिला द्या, तिला नवीन काही कळणार नाही. पण शनिवारी मी तुम्हाला न्यायला येते आहे, आणि सोमवारी सकाळी इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुमचं नाव लिहिलेलं आहे. चिमणी विचारत होती की मी दवाखान्याबाहेर थांबू का. मी हो म्हटलं. शाबासकीही दिली, उशिरा का होईना.

किल्ली माझ्या पांढऱ्या कोटाच्या खिशात आहे. चालताना वाजते. मुली विचारतात, मॅडम, तुम्ही गाडी घेतली का? मी म्हणते, माझ्या बाबांची आहे, मी नुसती सांभाळते.

परत येताना बसमध्ये खिडकीची जागा तुमची, उजवीकडची.

तुमच्या डावीकडे बसून येणारी,
तुमची मास्तरीण