एन.बी.एम. म्हणजे मीच

जिल्हा रुग्णालय, पुरुषांचा वॉर्ड, पलंग नववा
गुरुवार

तीर्थरूप ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, रीतीप्रमाणे खाली बसून दोन्ही हातांनी टाळी वाजवून, नमस्कार. (पायाला बँडेज असल्यामुळे मी पलंगावर पडूनच लिहितोय, तू मनातल्या मनात मला खाली बसव.) तुझे गुडघे कसे आहेत? काळी शेळी व्याली का? माझी तब्येत उत्तम आहे. पायाच्या जखमेवर रोज नवीन पट्टी होते आणि साखरेसाठी सकाळ-संध्याकाळ सुई. तुझी एलुबी माझ्याजवळ राहून मामाची सेवा मनापासून करते. फक्त लापशीत मीठ विसरते. तेव्हा काळजीचं काही नाही. तरी काल जे घडलं ते मीच कळवतो, कारण दुसऱ्या कुणाकडून गावात पोचेपर्यंत माझा पाय गुडघ्यापासून गेलेला असेल.

एकतीस वर्षं हेडमास्तरकी केलेल्या माणसाला नुसतं पडून राहता येत नाही, हे तू जाणतेसच. इथल्या नर्सेस कागदावर सगळं अर्धंमुर्धं लिहितात. आधी मला राग आला (पूर्ण शब्द लिहायला शाई काय महाग झाली आहे?), मग गोडी लागली. बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, पी.आर.एन. म्हणजे लागेल तेव्हा, आणि स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता. दोन दिवसांत मी वॉर्डात शिकवणीच सुरू केली. दहाव्या पलंगावरचे चिंबालांगा, हर्नियाचे, हे माझे पहिले विद्यार्थी. ते आता लघवीचं भांडंसुद्धा 'स्टॅट' मागतात. एकच लघुरूप माझं शिकायचं राहिलं होतं, आणि नेमकं तेच मी माझ्या डोक्यावर टांगून घेतलं होतं.

झालं असं की मंगळवारी माझा कप चोरीला गेला आणि चादर कुणीतरी बदलून नेली. मी साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर कोळशाने ठसठशीत 'एन. बी. एम.' लिहिलं, म्हणजे न्दाझिओना ब्लॅक्सन मापुलांगा, आणि पलंगाच्या उशाला अडकवलं. शाळेच्या खुर्च्यांवर, घंटेवर, फुटबॉलवर हीच तीन अक्षरं असायची, आणि एकही फुटबॉल कधी चोरीला गेला नाही. (फुटले, ते वेगळं.)

काल सकाळी सहाला सुई झाली. एलुबी लापशीचा वाडगा घेऊन आली, तोच एक नवीन शिकाऊ नर्स, कडक इस्त्रीची, पाटी वाचून थबकली. "बाबा, तुम्ही एन.बी.एम. ना?" मला बरं वाटलं. नवी मुलगी, पण नाव वाचून बोलते. मी म्हणालो, "जन्मापासून!" ती हसली नाही. तिने माझ्या हातातला वाडगा काढून घेतला, पाण्याचा तांब्याही उचलला आणि सांगितलं, की ऑपरेशन होईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. एलुबी तिच्याशी भांडायला उठली, तर तिलाच वॉर्डाबाहेर काढलं.

ऑपरेशन! ताई, मला कुणी काही बोललं नव्हतं. मी पायाकडे पाहिलं. कसलं ऑपरेशन, कुठपर्यंत कापणार, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. तिकडे चिंबालांगा मक्याच्या पिठाची एन्सिमा आणि तळलेले मासे चापत होते. खरं ऑपरेशन त्यांचं होतं, त्यांना काही खाऊ नका म्हणून तोंडी सांगितलंही होतं; पण त्यांच्या उशाला पाटी नव्हती, आणि पाटी नाही तर नियम नाही असा त्यांचा हिशेब. नऊच्या सुमाराला मला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. मला वाटलं, भीती. मी प्रार्थना म्हणायला लागलो आणि मधेच सतराच्या पाढ्यात शिरलो. तेवढ्यात ट्रॉली आली. एन.बी.एम. कोण, असं ट्रॉलीवाल्याने विचारताच सगळ्या वॉर्डाने माझ्याकडे बोट केलं. पहिलं, तेलकट बोट चिंबालांगांचं.

थिएटरच्या दारात दोन माणसं वाद घालत होती, की कागदावर हर्निया आहे आणि ट्रॉलीवर पाय. मला सगळं दिसत होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. तिथून सिस्टर कापालामुला चालली होती (सहावीत माझ्या वर्गात होती, भूगोल कच्चा). तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि ओरडली, "अरे, सुई देऊन उपाशी ठेवलंय यांना? साखर आणा, स्टॅट!" (अर्थ मला लगेच कळला, याची नोंद घे.) साखरेचं पाणी पोटात गेलं, फिरणारी दारं जागेवर आली, आणि मला वॉर्डात परत आणल्यावर ती त्या शिकाऊ मुलीवर गरजली, की ही पाटी कुणी लावली? मुलगी रडायला लागली. मी म्हणालो, मी लावली, माझं नाव आहे ते. सिस्टरने पाटी काढून हातात घेतली. "सर, एन.बी.एम. म्हणजे निल बाय माउथ, तोंडाने काही द्यायचं नाही. अजून थोडा उशीर झाला असता ना, तर तुमचं पूर्ण नाव मला दगडावर वाचावं लागलं असतं!"

आता उशाला पूर्ण नावाची पाटी आहे, कागद तीन लागले. मी दोन्ही वेळा पोटभर जेवतो. हसण्यावारी ने.

तुझा धाकटा,
न्दाझिओना

ता.क. – बसच्या ड्रायव्हरबरोबर थोडी सुकी मासळी पाठव. इथलं कालवण पाण्यासारखं असतं.

ता.क. – आई, मी एलुबी. मामा झोपलेत म्हणून लिहिते. त्यांनी सगळं लिहिलं, मुख्य तेच लिहिलं नाही. काल थिएटरच्या दारात मोठ्या डॉक्टरांनी पट्टी सोडून त्यांचा पाय बघितला. दोन बोटं काळी पडलीत. ती काढली नाहीत तर पाय जाईल, म्हणाले. मामा सही करत नाहीत. घरातलं मोठं माणूस ताई, तिने हो म्हटल्याशिवाय नाही, म्हणतात. आणि तुला तर कळवतच नाहीत. रोज उशिर होतोय. शनिवारची बस धर.

ता.क. – मी झोपलो नव्हतो. 'उशीर'मधला 'शी' दीर्घ. बाकी मजकूर बरोबर आहे. ताई, मला फार भीती वाटते. ये.