मेंढरांची हाळी

आई,

दक्षिण सुदानातनं तुझ्या पाया पडतो. मी बरा हाय. लांबनं आवाज येत्यात, पण ते ढगांचंच असतील. तुझं गुडघं कसं हायत?

इथला माळ बघून वाटतं, आटपाडीच्या माळावर डोळा लागलाय आन् सपनात मेंढरं चारतोय.

काल आमच्या शांतिसेनेच्या दवाखान्याबाहेर झाडाखाली लेकरांना गोवराची लस टोचत हुतो. गुरांपायी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन जमातींच्या बाया आल्या, पण एकमेकींकडं पाठ करून बसल्या. पुढं कुणीच येईना. तवा माझ्या तोंडातनं चुकून आपली मेंढरांची हाळी निसटली, "हुर्रर्र!"

सगळ्या बाया वळून माझ्याकडं बघाय लागल्या. मला वाटलं, घात झाला. मग एक म्हातारी खुदकन हसली आन् तिनं तिच्या गुरांची हाळी दिली. पलीकडच्या म्हातारीनं जबाब दिला. दोघींची हाळी एकच निघाली, आई! पहिलीनं दुसरीचा नातू मांडीवर घट्ट धरला आन् मी सुई टोचली.

आपली धाकटी प्रांजल फोनवर म्हणाली, नानासोकाकाची मेंढरं लंगडत्यात. बांधाच्या भांडणापासनं तू त्यांच्या दारात गेली न्हाईस. तुझा तो पाल्याचा लेप घेऊन जा. काय बोलावं ते सुचलं न्हाई, तर बांधावरनं नुसती हाळी घाल.

काका वळखंल.

तुझा,
अमृत