तीन तुम्ही म्हणायचं

अहो,

वाकायला मनाई आहे, म्हणून नमस्कार कागदावरूनच.

हर्नियाच्या ऑपरेशनला आज बारा दिवस झाले. पोटात जाळी बसवली आहे, टाके कोरडे आहेत. बहीण मला चहाचा कपसुद्धा विसळू देत नाही. तेव्हा काळजी करू नका.

तुम्हाला भाऊजी वेळेवर उठवतात ना? आधी खुर्चीचा ब्रेक लावायचा, मगच तुमच्या काखेत हात घालायचे, हे त्यांना बजावा. "एक, दोन" उचलणाऱ्याने म्हणायचं आणि "तीन" तुम्ही. अर्धांगाचा झटका आल्यापासून तुमचं "तीन" उशिरा येतं. तेवढं थांबायचं. त्यांचा स्वभाव घाईचा.

काल मी डॉक्टरांना विचारलं, "दीड महिन्याने वजन उचलता येईल ना?"

"किती?"

"एकाहत्तर किलो."

ते हसले. "बाई, हमाली करता की काय?"

"नवरा आहे," मी म्हटलं. मग ते हसले नाहीत. ऑपरेशनची ही दुसरी खेप. पुन्हा फाटलं तर शिवायला जागा उरणार नाही, म्हणाले. आता उचलणं कायमचं बंद.

भाऊजी महिनाअखेरीस त्यांच्या घरी परत जाणार. परका हात लागला की तुम्ही अंग आखडता. मग तुम्हाला कोण उठवणार? खूप विचार केला. उत्तर नाही. हे बहिणीला सांगितलेलं नाही.

आज सकाळी सातला माझ्या तोंडून सवयीने "एक, दोन" निघालं आणि मी थांबले.

"पुढे तीन," बहीण आतून म्हणाली.

मी म्हटलं, "ते माझं नाही."

औषधं चुकवू नका.

तुमचीच