तिसऱ्या अंकातला भात

आबा, काल इथल्या मराठी मंडळाचे दोघे जण घरी येऊन गेले. मंडळाची स्मरणिका निघायची आहे, आणि जुन्या संगीत नाटकांचा तो हिवाळा ज्यांनी पाहिला असे आता थोडेच उरलेत, तेव्हा तुम्हीच दोन पानं लिहा म्हणाले. आज सकाळी पूजा आटोपून बसलो. ‘माझे वडील नाटक कंपनीत होते’ एवढं पहिलं वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं. हेच वाक्य मी पंधरा वर्षांपूर्वी बोललो होतो, आणि तेव्हाही एवढंच बोलून थांबलो होतो. म्हणून स्मरणिकेचा कागद बाजूला सारून हा दुसरा घेतला. तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. लहानपणी तुमची पत्रं कंपनीच्या मुक्कामावरून यायची, दर वेळी वेगळ्याच कुणाच्या तरी अक्षरात, आणि आई मला समोर बसवून उत्तर लिहून घ्यायची. त्यात गाय व्यालेली असायची, विहिरीचं पाणी असायचं, पण तुम्हाला विचारलेलं असं काही नसायचं.

आई गेल्यावर तुम्ही सुरतेला आमच्याकडे आलात. नानपुऱ्यातल्या दोन खोल्या, मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून. पहिल्या आठवड्यातच तुम्ही स्वयंपाकघर ताब्यात घेतलंत आणि तुमची सून रुसून बसली. तुम्ही तिला म्हणालात, “सूनबाई, मला चाळीस पानांचा स्वयंपाक येतो, तिघांचा येत नाही. तो तू शिकव.” त्यानंतर तिनं तुमच्यासाठी शेगडीजवळचा पाट कायमचा मांडून ठेवला. नवा घेतलेला स्टोव्ह मात्र तुम्ही माळ्यावर चढवलात. तो फुरफुरतो, त्याच्यापुढं काही ऐकू येत नाही, असं तुमचं म्हणणं. ऐकायचं काय ते आम्हाला हळूहळू कळलं. आधण ठेवलं की तुम्ही गायला लागायचात. तोंड न उघडता सुरू व्हायचं, मग शब्द यायचे, आणि तांदूळ वैरताना आवाज मोकळा व्हायचा. खालच्या मजल्यावरच्या बेन जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, “काका बहु सरस गाय छे.”

बावीस वर्षं तुम्ही त्या कंपनीत स्वयंपाकी होतात. प्रयोग चालू असताना तुमची चूल थिएटरच्या मागच्या अंगाला पेटलेली असायची, आणि पडदा पडून पंगत बसेपर्यंत अन्न गरम आणि नीट शिजलेलं हवं. जवळ घड्याळ नव्हतं. मग तुम्ही पदांवरूनच वेळ धरायला लागलात. अमुक पदाला डाळ चढवायची, तमुक पदाला भाजी फोडणीला टाकायची, आणि वनवासाच्या नाटकात तिसऱ्या अंकातलं नायिकेचं निरोपाचं पद सुरू झालं की तांदूळ वैरायचे. हे सांगताना तुम्ही वन्स मोअरवर फार चिडायचात. लोकांना पद गोड लागायचं, पण ते दुसऱ्यांदा सुरू झालं की इकडे भाताचा गिच्च गोळा. तेव्हा तुम्ही धावत जाऊन भांड्याखालची लाकडं मागे ओढायचात. आणखी एक गोष्ट तुम्ही सांगायचात, ती मला फार आवडते. देवाचं काम करणारा नट भुकेला म्हणून मुकुटासकट पानावर बसायला आला, तर तुम्ही त्याला वाढायचा नाहीत. आधी देव उतरवून ये, मग जेव.

एवढं सगळं मला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी हेडमास्तरांपुढं मला ते पुरतं सांगता आलं नाही.

गुजरात-महाराष्ट्र ही राज्यं वेगळी झाल्यावर आपली बरीच कुटुंबं बदल्या घेऊन नाशिक-पुण्याकडे निघून गेली होती. जे उरले त्यांना घरात कुणी तरी कमी झाल्यासारखं वाटत होतं. मराठी शाळेच्या हेडमास्तरांनी मग ठरवलं की एका हिवाळ्यात चार जुनी संगीत नाटकं करायची, महिन्याला एक, रविवारी दुपारी, आणि पदं कापायची नाहीत. पुस्तकं मिळाली. पण वनवासाच्या नाटकात त्या निरोपाच्या पदावर चाल म्हणून ज्या गाण्याचं नाव छापलं होतं, ते गाणं तर पदाहूनही जास्त विसरलं गेलेलं. ऑर्गन वाजवणाऱ्यालाही येईना. पदाशिवाय तिसरा अंक उभा राहणार नाही, नाटकच सोडून देऊ, असं हेडमास्तर म्हणाले. तेव्हा मी म्हटलं, “माझे वडील नाटक कंपनीत होते.” त्यांचे डोळे चमकले. त्यांनी विचारलं, “नट होते?” मी म्हटलं, “जुनी माणसं, सगळंच करायची.” सभेत बँकेतले, कॉलेजातले लोक होते. मी गावच्या शाळेत शिकलेला, त्यांच्यात बसताना शर्टाच्या बाह्या नीट आहेत ना ते पाहणारा. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांनी माझ्याकडे मान वळवून पाहिलं.

पुढच्या रविवारी ते घरी आले. हेडमास्तर, नायिकेचं काम करणाऱ्या शाळेतल्या बाई, आणि पेटी घेऊन ऑर्गनवाले. तुम्ही धुतलेलं धोतर नेसून सतरंजीवर बसलात. ऑर्गनवाल्यांनी पेटीवर सूर धरला आणि तुमच्या तोंडून एक अक्षर निघेना. तुम्ही कपाळ चोळत होता आणि मी भिंतीकडे पाहत होतो. कलावंतांचं असंच असतं, लहर लागते, असं हेडमास्तर आदरानं म्हणाले. थोड्या वेळानं तुम्ही उठलात, निदान मंडळींना जेवू तरी घालतो म्हणून आत गेलात. आधणाचा आवाज आला, आणि मागोमाग ते पद, पहिल्यापासून, कुठंही न अडखळता. बाई उठल्या आणि कुणाला न विचारता आत जाऊन शेगडीजवळ जमिनीवर बसल्या.

त्यानंतर तीन आठवडे तालीम आपल्या स्वयंपाकघरात झाली. पेटी उंबऱ्यावर. तुम्हाला स्वर-श्रुती यांची नावं माहीत नव्हती, तुम्ही तुमच्या भाषेत शिकवायचात. “बाई, इथं झाकण ठेवा. वाफ आतच राहू द्या. आता काढा झाकण.” बाई हसायच्या, पण नेमकं तेच करायच्या, आणि ऑर्गनवाले मान डोलवायचे. मूळ कंपनीत हे पद कोण म्हणायचं असं बाईंनी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, “दोन पोरांचा बाप होता. स्टेजवर रडवायचा नि पानावर बसला की ठेचा माग-मागून मला रडवायचा.” बाईंनी पुढं विचारलं, तुम्ही स्वतः कोणती कामं केलीत? तुम्ही काही बोलायच्या आत मी मध्येच पोंक घ्या, हा सुरती हुरडा थंड होतोय, असं म्हणून ताटली पुढं केली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि भाताकडे वळलात. असं तीनदा तरी झालं असेल.

मग हँडबिल निघालं. तिसऱ्या अंकाआधी तुमचा सत्कार ठरला होता, आणि त्याबद्दलच्या दोन ओळी हेडमास्तरांनी मलाच लिहून द्यायला सांगितल्या. मी लिहिलं, ‘जुन्या नाटक मंडळीतील ज्येष्ठ कलावंत’. माझ्याच हातानं लिहिलं, आबा. प्रूफ तपासायलाही मीच गेलो होतो. छापखान्यातला टाइपाचे खिळे जुळवणारा म्हातारा गुजराती होता, मराठी त्याला तुटकच कळायचं, डोळ्याजवळ कागद नेऊन तो एकेक अक्षर लावायचा. मी त्याच्याकडून प्रयोगाची वेळ दुरुस्त करून घेतली. ती ओळ तशीच ठेवली. घरी आल्यावर तुम्ही हँडबिल वाचून दाखवायला सांगितलंत, चष्मा असूनही तुम्हाला बारीक छापील अक्षर लागत नसे. मी वाचलं. नाटकाचं नाव, बाईंचं नाव, स्थळ, वेळ. आणि ती ओळ गाळून पुढं गेलो. तुम्ही हँडबिल घडी करून बंडीच्या खिशात ठेवलंत.

प्रयोगाच्या दुपारी तुम्ही पहिल्या रांगेत माझ्या शेजारी होता. बावीस वर्षांत तुम्ही एकही नाटक समोरून पाहिलं नव्हतं, हे तिथं बसल्यावर माझ्या लक्षात आलं. पहिला अंक सुरू झाला. नायक वल्कलं नेसून आला आणि एक लांबलचक भाषण करून गेला. तुम्ही माझ्या कानाशी वाकून म्हणालात, “हे असं दिसायचं होय?” पद आलं की डोळे मिटायचात, संपलं की उघडायचात. डोळे मिटल्यावर तुम्ही कुठं असायचात ते मला कळत होतं, आणि मधल्या सुट्टीत काय होणार याची मला भीती वाटत होती. कुणी तुम्हाला एखादं भाषण म्हणायला सांगितलं तर? कुणी विचारलं, राजाचं काम करायचात की प्रधानाचं?

दुसऱ्या अंकानंतर तुम्हाला वर नेलं. शाल घातली, नारळ दिला. हेडमास्तर रंगभूमीच्या सेवेबद्दल बोलले. मग त्यांनी माइक तुमच्यापुढं केला. तुम्ही जरा मागे सरकलात, वाफेपासून सरकावं तसे. मग बोललात. ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

“मी कंपनीत बावीस वर्षं होतो. स्टेजवर पाय आज पहिल्यांदा ठेवतोय. मी स्वयंपाकी होतो. पदं माझ्या कानावर भात शिजता-शिजता पडली. हँडबिलात कलावंत छापलंय म्हणतात, ती छापणाऱ्याची चूक झाली असणार. माझ्या मुलानं बरोबरच लिहून दिलं असेल. आता पुढचा अंक करा, बाई मघापासून उभ्या आहेत.”

मागे कुणी तरी हसलं. मग टाळ्या झाल्या, पुष्कळ झाल्या. पण मी टाळ्या ऐकत नव्हतो, मी हसणारा कोण ते शोधत होतो. हेडमास्तरांनी स्टेजवरून माझ्याकडे पाहिलं, विचारल्यासारखं. आणि मी मान हलवली. हो, छापखान्याची चूक.

तिसऱ्या अंकात बाईंनी ते पद असं म्हटलं की माझ्या पलीकडे बसलेली तुमची सून पदर डोळ्याला लावून होती. झाकण जिथं ठेवायचं तिथं ठेवलं, काढायचं तिथं काढलं. संपताच चहूकडून वन्स मोअर आला. तुम्ही खुर्चीत पुढं झुकलात, उजवा हात आपोआप खाली गेला आणि जमिनीजवळून काही तरी ओढल्यासारखा मागे आला. तुम्हाला स्वतःलाच हसू आलं. “गेला भात,” म्हणालात.

घरी चालत निघालो. सून शेजारणीबरोबर पुढं होती. चौकापर्यंत तुम्ही नारळ या हातातून त्या हातात घेत होता. मग म्हणालात, “पुढच्या वेळी कागद वाचून दाखवशील, तर सगळा वाच.” पुढं म्हणालात, बाईंनी वाचून दाखवला होता मला, मंगळवारीच. म्हणजे प्रयोगाच्या पाच दिवस आधीपासून तुम्हाला माहीत होतं. माहीत असूनच तुम्ही धोतर इस्त्रीला टाकलंत, माझ्या शेजारी बसलात, आणि वर गेल्यावर माझ्याकडे बोट जाणार नाही असं वाक्य जुळवून आणलंत. खोटं तुम्हाला बोलता येत नसे. ते एक तुम्ही माझ्यासाठी बोललात, भर सभेत, अंगावर शाल असताना.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर मला घेऊन छापखान्यात गेले. रागावून नाही, पण थोडं कडकच म्हणाले की माणसाचा धंदा बदलून छापणं बरं नव्हे. म्हातारा चष्मा काढून म्हणाला, “साहेब, जे लखेलुं हतुं ए ज छाप्युं छे,” म्हणजे लिहून दिलं होतं तेच छापलंय. हेडमास्तरांच्या डोक्यामागे भिंतीवरच्या खिळ्याला जुने कागद टोचलेले होते, त्यात मी लिहून दिलेलाही असणार. म्हाताऱ्यानं एकदा खिळ्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा लावला आणि कामाला लागला. मी तिथं उभा होतो, आबा. बोललो नाही.

दोन वर्षांनी तुम्ही गेलात. शेवटच्या आजारात तुम्ही माझ्याकडे कशाचाही जाब मागितला नाहीत, फक्त भात मऊ झाला की कुरकुरायचात. छापखाना पुढं बंद पडला, तिथं आता साड्यांचं दुकान आहे. म्हाताऱ्याचं काय झालं मी कधी विचारलं नाही. मंडळात हल्ली बमरोली-पांडेसऱ्याकडची गिरणीतली मुलंही येतात, आणि हेडमास्तर, आता काठी टेकत, त्यांना तो किस्सा सांगतात: स्वयंपाक्यानं जपलेलं पद आणि छापखान्यानं केलेली गंमत. मुलं हसतात. मीही हसतो. रोज सकाळी देवापुढं हात जोडताना मी पुष्कळ जणांसाठी काही ना काही मागतो, त्यात तो म्हातारा कधी आला नाही.

स्मरणिकेचं पहिलं वाक्य मघाशी पुरं केलं. ‘माझे वडील नाटक कंपनीत स्वयंपाकी होते.’ तेवढ्याला पंधरा वर्षं लागली. हँडबिलाचं अजून लिहिलेलं नाही. लिहीन असं वाटतं.

हे पत्र टपालपेटीत टाकण्यासारखं नाही. म्हणून दुपारी स्वयंपाकघरात, देवघराच्या फळीखाली, तुमच्या पाटावर बसून मोठ्यानं वाचलं, तुम्ही सांगितलं होतंत तसं पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता. तुमची सून पलीकडे तांदूळ निवडत होती. छापखान्यात मी बोललो नाही ती ओळ आली तेव्हा माझा आवाज आपोआप खाली गेला. तिनं सुपातून मान वर करून विचारलं, “काय म्हणालात?” मी म्हटलं, काही नाही, आणि पुढचं वाचलं.