निळ्या झाकणाची डबी

शुक्रवार, दिवेलागण

सासूबाईंना टीबीच निघाला. हे लिहिताना मला हायसं वाटतंय, मी वाईट सून आहे का? पण इतके महिने त्या खोकल्याला नावच नव्हतं. आज नाव कळलं आणि गोळ्याही सुरू झाल्या.

पहिल्या तपासणीत काहीच दिसलं नव्हतं, ते त्या निळ्या झाकणाच्या डबीमुळे. तिच्यात द्यायचा होता छातीतला बेडका. सासूबाईंनी आधी अंगणात खाकरून छाती मोकळी केली, चूळ भरली आणि मग डबीत स्वच्छ थुंकी दिली. वर आमच्या सापगावभर सांगत फिरल्या, मला काय झालेलं नाय. दुसऱ्या खेपेला नर्सबाई समोर उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे हा प्रकार कळला आणि खरा बेडका डबीत पडला.

आज शहापूरला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, असं का केलंत?"

"परक्या बाईच्या हातात घाण कशी देऊ?"

"मला तीच हवी होती, आजी."

मलाही थोडा खोकला आहे, म्हणून मलाही डबी दिली. तसलीच, निळ्या झाकणाची. कोनाड्यात ठेवलीय. सासूबाई सारख्या येऊन बघतायत. आत्ता पुन्हा आल्या.

"गो, सकाळी छातीतली सगळी घाण डबीतच टाक. माझ्यासारखा शहाणपणा करू नको."