तानोकाकाला हात लावू नकोस

मोंतेसेर्रो, ११ सप्टेंबर

प्रिय सारो,

तुझं पत्र पोचलं. ऊसतोडीचा हंगाम संपला की बोटीनं येतोस म्हणतोस. 'बाबांना विकणारा म्हातारा होऊन मरता कामा नये' असंही लिहिलंस. तानोकाकाचं नाव घेतलं नाहीस, पण मला कळलं. उत्तर लिहायला आठ दिवस लागले.

इथे रोमहून सिनेमावाले आलेत. गोष्ट तुझ्या बाबांचीच, बंदूक घेऊन डोंगरात गेल्यापासून पोलिसांनी मारेपर्यंतची; नाव तेवढं बदललंय. अख्खा गाव कामाला लागलाय. खाटीक फौजदार झालाय, तर खरे पोलीस त्याला सलाम ठोकून चिडवतात. प्रेताजवळ बसणारी बायको हवी होती, तेव्हा सगळ्यांनी मलाच पुढे ढकललं. दिग्दर्शक भला माणूस. "बाई, जमेल तेवढंच करा," म्हणाला. बाबांचं प्रेत पडलं होतं त्याच अंगणात, पालथ्या पडलेल्या एका नटाशेजारी मी गुडघे टेकले. मला काहीच वाटलं नाही. त्याच्या मानेवर घामोळं उठलं होतं, तेवढंच बघत राहिले. मागच्या बायकांना गप्प उभं राहायला सांगितलं होतं, पण शेजारच्या नुन्त्सिआला राहवेना. तिनं केस सोडले आणि बाबांचं खरं नाव घेऊन हंबरडा फोडला. "व्हान्नी, अरे व्हान्नी!" मग सगळ्याच सुरू झाल्या. कॅमेरा बंद झाला तरी थांबेनात.

संध्याकाळी त्या माझ्या दारात हजर. हरभऱ्याचं सूप, पाव, उकडलेली अंडी. मयताच्या घरी चूल पेटवायची नसते ना! तेरा वर्षांनी आठवलं त्यांना. "तेव्हा पोलिसांना भ्यायलो गं, फिलिप्पा. आता तरी चार घास खा," नुन्त्सिआ म्हणाली. मी सगळं झाकून ठेवलं. तू सात वर्षांचा होतास. बाबा गेल्यावरच्या त्या तीन दिवसांत आपल्या दारात एकटा तानोकाका आला, पातेलं घेऊन. दारात पहाऱ्यावर असलेल्या पोलिसांनी मयताच्या सख्ख्या भावाला अडवलं नाही, तेवढ्यावरून गावानं त्याला फितूर ठरवलं. त्याची बायको माहेरी गेली ती गेलीच. तो वर डोंगरात शेळ्यांबरोबर राहतो. गावात कुणी त्याच्याशी बोलत नाही.

पहारेकऱ्यांनी त्याला आत सोडलं, कारण तसं मी त्यांच्या साहेबाला सांगितलं होतं. आणि साहेब माझं ऐकत होता, सारो. निवडणुकीत खासदाराला बाबांच्या बंदुका हव्या होत्या. निवडून आल्यावर नकोशा झाल्या, मग पोलीस मागे लागले. त्यांचा तो साहेब आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसला, तुला मांडीवर घेतलं. "पोराकडे बघ, फिलिप्पा. जिवंत धरतो, माफीचा कागद तयार आहे, तिघांना परदेशी धाडतो," म्हणाला. मी विश्वास ठेवला. बाबा गिरणीमागच्या बदामाच्या कोठारात झोपतात, असं मी सांगितलं. मीच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला अंगणात नेऊन प्रेत ओळखायला लावलं. तानोला हे सगळं ठाऊक आहे. तुला आई उरावी म्हणून तो तेरा वर्षं गप्प राहिला, आणि मी त्याला राहू दिलं. तुझं पत्र आलं नसतं तर आजही लिहिलं नसतं. तानोकाकाला हात लावू नकोस. ज्याला शोधत येतोयस, ते माणूस मी आहे. मी घरीच असते.

तुझीच,
आई