एकाहत्तर वेळा ‘येथे’

३ मार्च, सोमवार, सकाळी ९ वाजून १० मिनिटे

बस कार्यालयात पोचणारा पहिला मीच. वेबसाइटवरचं अर्जांचं पान उघडून बसलोय. एकूण एकाहत्तर अर्ज, आणि प्रत्येकापुढे माझ्या आधीच्या माणसाने लिहून ठेवलंय – ‘ईथे क्लीक करा’. तीन शब्दांत दोन चुका! आजपासून सगळीकडे ‘येथे क्लिक करा’ करतोय. बारावी अर्धी सोडली असेन, पण ऱ्हस्व-दीर्घ मला कोणी शिकवायला नको.

४ मार्च

एकाहत्तर पूर्ण. दोनदा तपासले. साहेब म्हणाले, “बरं.” एवढंच.

६ मार्च

नवा मुलगा आला. पदवीधर! त्याला चाकांची खुर्ची. माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड, खाली पुठ्ठा. साहेबांनी दोघांना समोर उभं करून सांगितलं, एप्रिलपासून जागा एकच, दोघांतला एकच कायम होणार. पदवीधर मला म्हणतो, “मिळून करू ना, भाऊ.” भाऊ कोणाचा रे तू?

१० मार्च

कार्यालयाच्या मेलवर तक्रार आली. कोणी अंध प्रवासी. नाव न घेता साहेबांनी भर खोलीत वाचून दाखवली. “मोबाइल मला पान वाचून दाखवतो. लिंकांची यादी लावली की तो म्हणतो, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. एकाहत्तर वेळा. कशासाठी, ते कोण सांगणार? अंदाजाने एक दाबली, तर चालकभरतीची चाळीस पानं उतरली. मला गाडी चालवायला देणार असाल तर माझी हरकत नाही.”

सगळे खो-खो हसले. पदवीधर हसला नाही. तेच जास्त झोंबलं.

११ मार्च

जेवणाच्या सुट्टीपर्यंत पदवीधराने पासांच्या बारा लिंक बदलल्या. ‘अंध प्रवाशांसाठी मोफत पास: अर्ज, पीडीएफ, २ पाने, १८० केबी.’ म्हणजे दाबायच्या आधीच कळतं, काय उतरणार आणि केवढं. जुने अर्ज म्हणजे कागदाचे नुसते फोटो, त्यांच्यापुढे मोबाइल मुका होतो, म्हणून तेही नव्याने टाइप केले. साहेब म्हणाले, “याला म्हणतात काम!” मी शुद्धलेखनाची चूक शोधली. तीनदा शोधली. नाही सापडली.

हा आल्यावर चारच दिवसांत तक्रार कशी येते? यानेच कोणाकडून तरी लिहून घेतली असणार. नक्कीच!

१२ मार्च

ताईजवळ मन मोकळं केलं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, जन्मापासून तिला दिसत नाही. तिचे सगळे अर्ज मीच भरतो, कधी कंटाळा केला नाही.

“तो माझ्या मुळावर उठलाय,” म्हटलं.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. “पण त्याने केलं ते बरोबर की चूक?”

“तू माझी बहीण की त्याची?”

“आधी उत्तर दे, मग नातं ठरवू.”

जेवलो नाही. म्हणजे, उशिरा जेवलो.

१४ मार्च

उरलेल्या एकोणसाठ लिंक माझ्याकडे. त्याच्यावर कडी करायचीच! सुरुवात करण्याआधी मोबाइलचा स्क्रीन बंद करून, कानात हेडफोन घालून माझंच पान त्याच्याकडून ऐकलं. चौथ्या ‘येथे’ला कान किटले. सातव्याला आपण पानावर नेमके कुठे आहोत, तेच कळेना.

१७ मार्च

एकोणसाठ पूर्ण. प्रत्येक अर्जाचं नाव, प्रकार, पानं, केबी. पदवीधर म्हणाला, “माझ्यापेक्षा छान झाल्यात.” असं बोलून माणूस मोठेपणाही घेऊन जातो!

१८ मार्च

साहेब बाहेर गेलेले. पदवीधराची लबाडी उघडी पाडायची म्हणून तक्रारीचा मेल काढला. खाली नाव ताईचं.

शेवटच्या दोन ओळी साहेबांनी त्या दिवशी वाचल्याच नव्हत्या. “हे पान माझा भाऊच सांभाळतो. त्याला घरी सांगितलं असतं तर त्याने नेहमीसारखा माझा अर्ज भरून दिला असता, आणि मला तो एकदा तरी स्वतः भरायचा आहे.”